खुर्चीवरचा स्वेटर

“त्या खुर्चीवर बसायचं म्हणजे बसायचं. ते काम आहे बाई, आराम नव्हे. उठायची वेळ आलीच, तर आधी आतल्याला बाहेर काढायचं आणि मग उठायचं.” नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात सिनियर बाईंनी तिला हे सांगितलं होतं, चष्म्याच्या काचा रुमालानं पुसत, तिच्याकडे न बघता. बाई लवकरच निवृत्त होणार होत्या आणि ऑफिसातले सगळे त्यांचं बोलणं एका कानानं ऐकून सोडून द्यायचे. तिनंही मान हलवली. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, “एवढ्या परीक्षा दिल्या, रात्र रात्र जागले, आणि सरकारनं मला काय काम दिलं सांगू? खुर्चीवर बसायचं. कुणी पळवून नेऊ नये म्हणून.” नवरा हसला, ती हसली, तेव्हा पोटात असलेलं बाळही बहुधा हसलं असेल, कारण त्यानं जोरात लाथ मारली होती.

हे सगळं तिला आठवलं ते पाळणाघराच्या पायरीवर. मुलगी खांद्यावर होती, तिचा तापलेला गाल मानेला लागत होता, आणि संध्याकाळचं वारं सुटलं होतं म्हणून तिला गुंडाळायला ती पिशवीत स्वेटर शोधत होती. पाण्याची बाटली लागली, किल्ल्या लागल्या, छकुलीची एक मोजा हरवलेली जोडी लागली. स्वेटर लागला नाही. आधी नुसतीच चीड आली, नेमका आज कसा विसरला म्हणून. मग तो कुठं विसरलाय ते दिसलं. डोळ्यांसमोर अगदी लख्ख उभं राहिलं. राखाडी स्वेटर, डाव्या कोपरावर तपकिरी ठिगळ, खुर्चीच्या पाठीवर नीट खांदे बसवून टांगलेला. आणि खुर्चीमागे ते पांढरं जाड दार. हात पिशवीतच राहिला. पाळणाघराच्या मावशी म्हणाल्या, “काय झालं हो? काही राहिलं का आत?” ती म्हणाली, “नाही, आत काही नाही.” आणि आपणच उच्चारलेला तो ‘आत’ ऐकून ती पायऱ्या उतरून रस्त्याकडे धावली.

आत मॉनिटर होता, ऑफिसातला तो मुलगा, सगळे त्याला मॉनिटरच म्हणत. म्हणजे असणार नाही, आला असेल बाहेर, केव्हाच आला असेल. ती रिक्षाला हात करत होती आणि मनाशी हेच घोकत होती. त्याला आत असं कितीसं काम होतं? आज आलेले नमुने फळीवर लावायचे आणि दार ढकलून बाहेर यायचं. दार आतूनही उघडतं. एक दांडी असते, ती जोर लावून ढकलायची. पण ती दांडी मागच्या आठवड्यात अडली होती, तिच्याभोवती बर्फ धरला होता, आणि मॉनिटर हात चोळत बाहेर येऊन म्हणाला होता, “ताई, हिला पण आता प्रेरणेची गरज आहे.” दुरुस्तीला कळवलं होतं. कळवलं म्हणजे झालं, असं त्यांच्या ऑफिसात सगळेच मानत. रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं विचारलं, “कुठं?” ती म्हणाली, “चौकापर्यंत घ्या.”

ऑफिस म्हणजे सरकारी बियाणं तपासणी केंद्र. सगळीकडून बियांच्या थैल्या येतात, त्यांतल्या मूठमूठ बिया ओल्या कागदावर मांडून उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि किती उगवल्या ते बघायचं, हे मुख्य काम. आणि प्रत्येक वाणाची एक मूठ कोल्डरूममध्ये जपून ठेवायची. उद्या काही रोगराई आली, एखादा वाण शेतांतून साफ गेला, तर इथं तरी असावा म्हणून. कोल्डरूममध्ये बर्फाच्या कारखान्यापेक्षा जास्त थंडी असते. त्या थंडीत बी झोपते, मरत नाही. माणसाचं तसं नसतं, असं सिनियर बाई म्हणायच्या. माणूस आधी झोपतो. म्हणून नियम असा की एक आत, एक दाराशी खुर्चीवर. दाराला एक गोल काच आहे, आगबोटीच्या खिडकीसारखी. दाराशी बसणाऱ्यानं मधूनमधून काच पुसून आत बघायचं, आणि आतल्यानं हात वर करायचा. एवढंच. काहीच न घडणं हेच ज्या कामाचं फळ, ते काम तरुण माणसाला पटणं कठीण असतं. तिला ते बाळंतपणाच्या रजेनंतर थोडं थोडं पटू लागलं होतं, कारण घरीही ती तेच करत होती. झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून बसायचं आणि काहीच न घडल्याबद्दल मनात हात जोडायचे.

पण मग नवे साहेब आले. तसे वयानं तरुणच, चालताना बुटांचा आवाज न होणारे. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की या केंद्रात ऊर्जा नाही, तरुण मुलं असून म्हाताऱ्यांसारखी बसलेली दिसतात. एके दिवशी ते पॅसेजमधून आले तेव्हा ती त्या खुर्चीवर होती. “काय चाललंय?” “बसलेय सर.” “ते दिसतंय. काम काय चाललंय?” “हेच काम आहे सर. आत माणूस आहे.” “आतला काम करतोय ना? मग बाहेरच्यानं त्याच्याकडे बघत बसायचं?” हे ते रागावून बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसत बोलले, आणि पॅसेजमधली दोन-तीन दारं किलकिली झाली, आतून माणसं ऐकत असल्यासारखी. ती अजून कायम झालेली नव्हती. मॉनिटरही नव्हता. त्यांच्या वयाचं कुणीच नव्हतं. वर्षअखेरीला साहेब प्रत्येकाविषयी काहीतरी लिहिणार होते. त्या दिवसापासून त्या खुर्चीवर कुणी बसलेलं दिसेना. तिथं स्वेटर दिसू लागला. पहिला कुणी ठेवला, कुणालाच माहीत नाही. सगळ्यांनी एकदमच शिकल्यासारखं झालं. दाराशी बसणाऱ्यानं स्वेटर टांगायचा आणि आपल्या टेबलावर जाऊन बिया मोजायच्या. स्वेटर आहे म्हणजे माणूस आहे, आत्ता उठून गेलाय, येईलच. साहेबांना रिकामं बसलेलं कुणी दिसत नसे आणि आतल्याला बाहेर कुणी आहे असं वाटत असे. भांडारवाले काका म्हणायचे, “या स्वेटरला कायम करून टाका रे. रजा मागत नाही, उलट बोलत नाही.” सगळे हसायचे. सिनियर बाई हसल्या नसत्या, पण तोवर त्यांचा निरोपसमारंभही होऊन गेला होता.

रिक्षात तिनं मॉनिटरला फोन लावला. वाजत राहिला. अर्थात वाजतच राहणार होता, कारण फोन टोपलीत होता. आज दुपारपासून वरच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं, प्रेरणा आणि शिस्त, तरुण कर्मचाऱ्यांसाठी सक्तीचं. बाहेरून कुणी वक्ते आले होते. दाराशी एक टोपली ठेवली होती आणि आत जाताना प्रत्येकानं आपला फोन तीत टाकायचा होता, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. नमुन्यांची गाडी नेमकी तेव्हाच आली. मॉनिटर म्हणाला, “ताई, आपण एवढं लावून टाकू आणि मग वर जाऊ. मी फोन आधीच टोपलीत टाकून आलो, म्हणजे वर गेल्यावर दाराशी घोळ नको.” असा होता तो. तिनं दुसऱ्या एकीला फोन लावला, मग आणखी एकाला, आणि भांडारवाले काका फोन बाळगत नसत म्हणून मग ऑफिसच्या फोनवर. सगळे वाजत राहिले. एका टोपलीत एकमेकांना टेकून वाजणारे फोन तिला दिसले, आणि खाली रिकाम्या खोलीत एकटा वाजणारा ऑफिसचा फोन. घंटा वाजतेय आणि ऐकायला कुणी नाही, यात काहीतरी ओळखीचं होतं. मग तिच्या लक्षात आलं. कोल्डरूममध्येही एक घंटा आहे. आतून बटण दाबलं की पॅसेजमध्ये वाजते. पॅसेजमध्ये.

“ताई, डावीकडं घेऊ का उजवीकडं?” रिक्षावाल्यानं चौकात विचारलं. डावीकडे दवाखाना होता, उजवीकडे ऑफिस. छकुली तिच्या छातीशी गरम पावासारखी पडली होती, डोळे अर्धे उघडे. सासूबाईंचा फोन आला. “पोचलीस का गं डॉक्टरकडे? किती आहे ताप?” “पोचतेय आई.” “आवाज असा का येतोय तुझा?” “वारं आहे.” तिनं फोन ठेवला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, “उजवीकडं.” मग म्हणाली, “नाही, थांबा.” मग पुन्हा म्हणाली, “उजवीकडंच.” रिक्षावाल्यानं आरशातून तिच्याकडे बघितलं. आईनं तापलेलं पोर मांडीवर घेऊन दवाखान्याकडे पाठ फिरवावी, हे त्याला पटलं नसावं. तिलाही पटलं नव्हतं. मॉनिटर बाहेर आला असेल. तो बाहेर येऊन, स्वेटर तिच्या टेबलावर ठेवून, वर जाऊन पहिल्या रांगेत बसला असेल, वहीबिही काढून. ती धापा टाकत पोचेल, तो खाली उतरत असेल आणि म्हणेल, “ताई, छकुलीला घेऊन परत कशाला आलात?” आणि मग तिला दोन ठिकाणची लाज वाटेल, तापलेल्या मुलीपुढे आणि त्याच्यापुढे. तिला ती लाज हवी होती. आयुष्यात कशाची हवी नव्हती इतकी हवी होती.

तिनं निघताना काच वाजवली होती. हे ती पुन्हा पुन्हा तपासून बघत होती. पाळणाघरातून फोन आला, ती खुर्चीवरून उठली. हो, आज ती खुर्चीवर बसली होती, कारण पॅसेज रिकामा होता, साहेब वर होते, आणि कुणी बघत नसताना नियम पाळायला तिला संकोच वाटत नव्हता. तिनं काच वाजवली. मॉनिटर लांबच्या फळीशी पाठमोरा होता, कान झाकणारी ती जाड टोपी घालून. तिनं हात केला. त्यानं हात वर केला. पण तो तिला केला, की वरच्या फळीवर थैली ठेवायला केला? तेव्हा तिनं तो ‘जा ताई’ असा वाचला, कारण तिला जायचं होतं. मग स्वेटर काढून खुर्चीवर टांगला. खांदे नीट बसवले. ते खांदे नीट बसवणं आता तिला सोसत नव्हतं. घाईत फेकला असता तर एक वेळ चाललं असतं. पण तिनं तो असा बसवला की मागून बघणाऱ्याला वाटावं, बाई बसलीय.

छकुली जन्मली ती फारच लहान होती. पहिले काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पेटीलाही अशीच गोल दारं होती, हात घालायला. आईला दुपारी थोडा वेळ बसू द्यायचे. पेटीशेजारी एक खुर्ची असायची आणि खुर्चीच्या पाठीवर नर्सबाईंचा निळा स्वेटर. नर्सबाई कधी असायच्या, कधी नसायच्या, पण स्वेटर असायचा, आणि तो बघून तिच्या जिवाला स्वस्थता वाटायची. बाई इथंच आहेत. तिनं त्या स्वेटरकडे बघत बघत एकदा डोळेही मिटले होते, भिंतीला डोकं टेकून. काही झालं नाही तेव्हा. काहीच झालं नाही, आणि म्हणून तिनं तो स्वेटर खरा मानला. आता रिक्षात बसून तिला त्या दुपारचीसुद्धा भीती वाटू लागली. होऊन गेलेली, सुखरूप पार पडलेली दुपार मागे वळून तिच्याकडे बघत होती. नर्सबाई कुठं होत्या? किती वेळ नव्हत्या? पेटीतल्या त्या मुठीएवढ्या जिवानं मान वळवून तो निळा रंग बघितला असेल का, आणि त्याला काय वाटलं असेल?

मॉनिटर तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. साहेब पहिल्यांदा खोलीत आले तेव्हा तो एकटाच ताडकन उभा राहिला होता, शाळेतल्यासारखा, आणि तिथंच त्याचं नाव मॉनिटर पडलं. ओल्या कागदावर बिया मांडताना त्याच्या ओळी अशा सरळ यायच्या की जणू प्रार्थनेला पोरं उभी केलीत. मुळ्याची बी, सूर्यफुलाची बी, गहू, सगळं तो तोंडानं काहीतरी गुणगुणत मांडायचा. एकदा म्हणाला, “ताई, आपण आत ठेवतो ना ही बी, ती कुणीतरी आपण मेल्यावर पेरणार. मजा आहे की नाही?” भांडारवाले काका म्हणाले, “आधी तू कायम हो, मग मर.” सुरुवातीला तो दोन दिवसांचं काम एका दिवसात करायचा. मग हळूहळू बाकीचे त्याच्याशी तुटक बोलू लागले. त्याच्यामुळे त्यांचं हळू काम उघडं पडत होतं. त्यानं तिला विचारलं होतं, अगदी खालच्या आवाजात, “ताई, मी जरा सावकाश करू का? म्हणजे बरं दिसेल का?” ती काय म्हणाली होती? “कर की. कोण तुला पदक देणार आहे?” असं ती म्हणाली होती. त्याचं तोंड थोडं उतरलं होतं आणि त्यानं मान हलवली होती. सांगितलेलं ऐकणारा मुलगा. आता तो आत असेल तर काय करत असेल? जे सांगितलंय तेच करत असेल. नियम सांगतो की दार उघडलं नाही तर घंटा वाजवा आणि दाराशी बसलेल्याची वाट पहा. तो वाट पाहत असेल. आदळआपट करणार नाही. त्याच्यात ते नाही.

फाटकावरचे मामा म्हणाले, “आज पोरीला ऑफिस दाखवायला आणलंत?” ती न थांबता आत शिरली. पायऱ्या चढताना वरच्या हॉलमधून ध्वनिक्षेपकाचा आवाज खाली येत होता, भरदार, तेल दिल्यासारखा. “जो थांबला तो मागे राहिला. तुमच्यातल्या प्रत्येकानं विचारा स्वतःला, मी आज किती वेळ नुसता बसून काढला?” टाळ्या. टाळ्या थांबल्या तेव्हा तिला वाटलं की त्यांच्याखाली दुसरा कसला तरी आवाज होता, बारीक, एका सुरातला, आणि तोही टाळ्यांबरोबरच थांबला. पॅसेजच्या तोंडाशी भांडारवाले काका भेटले, हातात चहाचा कप. त्यांचं वय व्याख्यानाच्या पलीकडचं होतं म्हणून ते खालीच राहिले होते. “अगं, तू कुठून येतेयस? मी आत्ता तिकडून आलो की. घंटा वाजल्यासारखी वाटली म्हणून डोकावलो. तुझा स्वेटर होता खुर्चीवर, म्हटलं, ही आहे, उघडेल.” ती पळू लागली. काका मागून म्हणाले, “का गं, काय झालं?” आणि कप ठेवल्याचा आवाज आला.

पॅसेज लांब होता. तो एवढा लांब नसतो. टोकाला ट्यूबलाइटखाली खुर्ची होती आणि खुर्चीवर स्वेटर होता, तिनं बसवला होता तसाच, खांदे रुंद, मान नसलेला, शांत बसलेला. क्षणभर तिला स्वतःलाच वाटलं की तिथं कुणीतरी आहे, आपल्याला उशीर झालाय खरा, पण कुणीतरी आहे. मग ती जवळ गेली. काचेवर आतून धुकं होतं आणि त्या धुक्यात बशीएवढी जागा पुसलेली होती. आतून पुसलेली. तिथून बाहेर बघितलं तर काय दिसेल, हे तिला बाहेरूनही कळलं. खुर्चीची पाठ, आणि तिच्या कडेनं स्वेटरची डावी बाही, तपकिरी ठिगळासकट. तेवढंच दिसेल. एक कोपर. दाराची मूठ एका हातानं फिरेना. तिनं मुलीला खुर्चीत ठेवलं, त्या स्वेटरवरच, आणि दोन्ही हातांनी मूठ ओढली.

पांढरा वाफारा तिच्या तोंडावर आला. मॉनिटर दाराशीच होता, खाली, थैल्यांच्या पेटीला टेकून. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. हातमोजे काढून ठेवलेले होते, कारण जाड मोज्यांनी थैल्यांच्या चिठ्ठ्या सरळ चिकटवता येत नाहीत. सगळ्या चिठ्ठ्या सरळ होत्या, तिनं नको असताना ते पाहिलं. त्यानं डोळे उघडले, सावकाश, एखाद्या गावाहून येत असल्यासारखे. “झालं का ताई?” तो म्हणाला. जीभ जड होती. “म्हटलं, छकुलीच्या पाळणाघराचा फोन चालला असेल. घंटा वाजवली दोनदा. मग म्हटलं, कशाला घाई करायची. तुम्ही होतात ना बाहेर.” ती म्हणाली, “नव्हते रे. मी नव्हते.” “असं काय म्हणता? दिसत होतात की मला.” तो हसायचा प्रयत्न करत होता आणि ओठ साथ देत नव्हते. “बघत होतो मी मधूनमधून. तुमचं कोपर दिसत होतं. म्हणून तर बसलो.” मग काका आले, मग मामा आले, वरचा ध्वनिक्षेपक बंद झाला, आणि जिन्यावरून प्रेरित झालेली सगळी तरुण माणसं धडधड खाली आली. खुर्चीत ठेवलेली छकुली रडू लागली. तेव्हा कुठं तिला रडता आलं.

तो वाचला. छकुलीचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. कुणी ऐकलं तर म्हणेल, मग झालं, सगळं निभावलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, ती रोज पुरं करते. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना आता काही कळत नाही. चिमटीत मुळ्याची बी धरली की ती सुटते, आणि सुटलेली त्याला समजत नाही. ओळी वाकड्या येतात. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की किरकोळ प्रकार झाला, पण दाराशी बसलेल्या आपल्या भगिनीच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला. त्यांना मॉनिटरनंच तसं सांगितलं होतं. ती उभी राहून म्हणाली, “सर, मी तिथं नव्हते. स्वेटर होता.” साहेब म्हणाले, “बसा. आपण नंतर बोलू.” नंतर ते बोलले नाहीत. दांडी दुरुस्त झाली. व्याख्यानाचे फोटो मात्र फळ्यावर लागले, आणि त्यांत मॉनिटरची पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी दिसते.

तिनं त्यालाही एकट्याला गाठून सांगितलं, एकदा नव्हे, दोनदा. तो ऐकून घेतो. मान हलवतो. मग म्हणतो, “राहू द्या ना ताई. मला दिसत होतात तुम्ही.” रागावून म्हणत नाही, समजूत घातल्यासारखं म्हणतो. आत बसून त्यानं ज्या एका गोष्टीला धरून ठेवलं, ती गोष्टच नव्हती, हे मान्य केलं तर तो तिथं आत एकटा होता असं होईल. ते त्याला नको आहे. तो आता गुणगुणत नाही. वेळेवर येतो, वेळेवर जातो, सांगितलं तेवढं करतो. साहेब म्हणाले की मुलगा शिस्तीला लागला. काका म्हणाले, “बघ, माणसात आला.” ती मात्र त्याच्या पाठीकडे बघत राहते. कोल्डरूमपाशी ती आता खुर्चीवर बसते, साहेब येवोत की जावोत, आणि आत कुणीही असो, काच पुसत राहते. बसल्या बसल्या तिला वाटतं की आपण ज्याच्यासाठी हे करायचं होतं, तो तर आता आत जातच नाही. तो बाहेर आहे, चारचौघांत, आणि त्याला बघायला कुठंच काच नाही.

आज सकाळी ती आली तर मॉनिटरच्या खुर्चीवर त्याचा स्वेटर होता. गडद निळा, खांदे नीट बसवलेले. टेबलावर ओला कागद अर्धा मांडलेला, पुढच्या बिया वाटीत तशाच. तिनं विचारलं, “मॉनिटर कुठाय?” “आहे की,” कुणीतरी मान वर न करता म्हणालं, “स्वेटर आहे ना.” “आत्ता इथंच होता,” दुसरं म्हणालं. “चहाला गेला असेल.” तिनं कागदाला हात लावून बघितला. कडेनं वाळत आला होता. म्हणजे ‘आत्ता’ नव्हे. वाटीच्या भोवती पाच-सहा बिया सांडलेल्या होत्या आणि त्या कुणी उचलल्या नव्हत्या. सांडलेली बी न उचलता तो कधी उठत नाही. ती पॅसेजमध्ये आली. कोल्डरूम बाहेरून बंद होती, काच स्वच्छ, आत कुणी नव्हतं. भांडार, मागचा नळ, गाडीतळ. मामा म्हणाले, बाहेर तर कुणी गेलं नाही. मग तिची नजर गच्चीच्या जिन्याकडे गेली. तिकडे कुणी जात नाही. दार कायम लोटलेलं असतं आणि आज त्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी पायरीवर पडली होती. मागून साहेबांचा आवाज आला, “कुठं निघालात? काम काय चाललंय?” ती मागे न बघता म्हणाली, “हेच काम आहे सर,” आणि चढू लागली.

ती चढते आहे. वर काय आहे ते तिला माहीत नाही, आणि तिच्याबरोबर चढून तुमचाही काही उपयोग नाही. तुमच्या ओळखीतलं एक माणूस आठवा. हे वाचताना ज्याचा चेहरा उगीच समोर आला, तेच. वेळेवर येणारं, तक्रार न करणारं, विचारलं की ठीक आहे म्हणणारं. त्याच्या दाराबाहेर चपला दिसल्या, खिडकीत दिवा दिसला, खुर्चीवर कोट दिसला, म्हणून तुम्ही परवा तसेच पुढे गेलात. आत्ता उठा. फोन नको, तो टोपलीत असेल. जाऊन बघून या. दार वाजवा, आणि उघडेपर्यंत तिथंच थांबा.